काठीवरचा कावळा

पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस थैमान घालून पहाटे कधीतरी दमला. सकाळी आदूनं दार उघडलं, तर अंगणातल्या जुनिपरच्या झुडपांवर मिठाचा पांढुरका थर बसलेला आणि किनाऱ्याकडून कुजक्या शेवाळाचा वास थेट चुलीपर्यंत घुसलेला. हा वास आला की आदूच्या तळव्यांना खाज सुटायची. असं वादळ झालं की समुद्र किनाऱ्यावरची हातभर वाळू ओढून नेतो आणि वर्षानुवर्षं पोटात दडवलेलं लोखंड उघड्यावर येतं. चार दिवसांनी वाळू परत येते. जे बघायचं ते त्याच्या आत बघून घ्यायचं.

त्यानं काळ्या पावाचा तुकडा आणि धुरावलेला मासा खिशात कोंबला, कानांवर धातू शोधायच्या यंत्राची डबडी चढवली आणि तो निघाला.

"निघाला गंज्या!" आई आतून ओरडली. "लोकं समुद्रावरनं मासे आणतात, आमचं रत्न खिळे आणतं."

गावात त्याला गंज्या आदूच म्हणत. साठीचा गडी, मच्छीमारांच्या सामूहिक संघात लोहारकी करून हात काळे झालेले, संसार न थाटता आईजवळच राहिलेला. बाकीचे हौशी लोक यंत्राचा लोखंडाचा आवाज बंद करून ठेवत. त्यांना नाणी हवी असत, अंगठ्या हव्या असत. तांबं-चांदी यंत्रात टिवटिव करतं आणि लोखंड गुरगुरतं. आदूला ते गुरगुरणंच हवं असायचं. तोफगोळा निघाला तर तो खूण करून लांब सरकायचा आणि फोन करायचा. बाकी सगळं पोत्यात.

हा किनारा सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत कुणाचाच नव्हता. कुणी समुद्रावाटे पळून जाऊ नये म्हणून सीमारक्षक रोज संध्याकाळी वाळूवर कुळव फिरवत आणि सकाळी पावलं उमटलीत का ते बघत. आदूनं सहाव्या वर्षी शेवटचे पाय त्या वाळूत टेकले होते, ते पुन्हा टेकायला पन्नाशी उलटावी लागली. त्या शेवटच्या खेपेला त्याचा बाप सीम आणि काका प्रीदू आपापल्या होड्या ढकलत होते. लढाई बेटावर येऊन ठेपली होती आणि दोन्हीकडचे शिपाई बाप्ये धरून नेत होते. समुद्रापलीकडे स्वीडन. एका रात्रीत पोचायचं, दुसऱ्या रात्री परत येऊन बायकापोरांना न्यायचं, असं ठरलं होतं. दुसरी रात्र आली ती परक्या रणगाड्यांसकट. त्यानंतर कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

आदू खडकाच्या टोकापाशी पोचला आणि यंत्र नुसतं गुरगुरलं नाही, बोंबलायला लागलं.

फावड्याला पहिल्यांदा खिळे लागले. होडीच्या फळ्या एकमेकींवर चढवून ठोकतात ते, मागं चौकोनी चकती असलेले. एक नव्हे, ओंजळभर. सगळे एका ओळीत, जशी फळी कुजून गेली तशी जागच्या जागी राहिलेले. म्हणजे इथं होडी फुटली होती, वाहून आलेला एखादा तुकडा नव्हता. आणि त्यांच्या खाली वाळू, गोटे आणि गंज यांचा मिळून झालेला, बटाट्याच्या पोत्याएवढा गोळा. आदूनं त्यावर चुंबक टेकवलं. चुंबकानं घट्ट धरलं. आत अजून जीव होता.

त्यानं गोळा ओल्या पोत्यात गुंडाळला. समुद्रातलं लोखंड वाऱ्याला लागलं की पापडासारखं सुटत जातं; घरी पाण्यात जाईपर्यंत ते ओलं ठेवायचं. पोतं ढकलगाडीत चढवलं. गोळ्यातून बाहेर आलेली ती वाकडी नखी त्यानं ओळखली होती. होडीचा चार नखांचा नांगर होता तो.

*

कोठीत आदूची मोठी प्लास्टिकची टाकी होती. पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा, नांगराला गाडीची बॅटरी भरायच्या यंत्राची एक तार, समोर टांगलेल्या जुन्या पत्र्याला दुसरी. पाणी बारीक फेसाळायला लागतं, पत्रा झिजत जातो आणि गंजाची कवचं आपसूक सैल होऊन खाली बसतात. हातोडी मारायची नाही. कवचाबरोबर कातडी सुटून येते आणि कातडीवरच तर सगळं लिहिलेलं असतं. मग नुसत्या सोड्याच्या पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, महिनोन्‌महिने, खार निघेस्तोवर. खार आत राहिला तर वर्षभरानं मेणाच्या लेपाखालूनसुद्धा नारिंगी थेंब फुटतात. लोखंड रडतंय, असं आदू म्हणायचा.

या किनाऱ्यावर दर घराची एक खूण असे. वल्ह्यावर, जाळ्याच्या बोयांवर, नांगराच्या दांड्यावर तीच. आदूच्या तोमा घराण्याची खूण होती कावळ्याचा पाय: वर तीन बोटं, खाली एक उभी रेघ. बाप जिवंत असेतो ती बापाची, मग थोरल्या मुलाची. धाकटा वेगळा झाला की त्यानं तीच खूण घ्यायची, पण एक रेघ वाढवून. प्रीदूनं वेगळं झाल्यावर कावळ्याच्या पायाखाली आडवी रेघ मारून घेतली. गाव हसलं होतं: सीमचा कावळा मोकळा, प्रीदूचा काठीवर. आणि नांगर कुणी कुणाला उसना देत नसे. सख्ख्या भावालासुद्धा नाही. नांगराबरोबर घरचं नशीब जातं, अशी समजूत होती.

त्या टोकाला दुसऱ्या कुणाची होडी फुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं; तेव्हा प्रश्न एवढाच होता की गंजाखाली काठी आहे की नाही.

एवढाच, पण त्यावर दोन बायकांची आयुष्यं टांगलेली होती. कारण मध्ये, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका खलाशानं बातमी आणली होती: स्वीडनच्या एका गावात तोमाचा एकजण माशाचं दुकान चालवतो, तिथली बायको केलीय, दोन पोरं आहेत. तोमाचा कुठला? ते काही त्याला ठाऊक नव्हतं. आदूची आई क्रेएत त्या दिवशी उठली, नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढला आणि बटाट्यांच्या तळघरात उलटा ठेवून आली. पुन्हा कधी तिनं त्याचं नाव घेतलं नाही. तिची धाकटी जाऊ इंगेल, अंगणापलीकडच्या घरात राहणारी, तिनं मात्र प्रीदूचा चर्चला जायचा सदरा दर वसंतात धुऊन, कांजी करून, पेटीत ठेवायचा परिपाठ चालू ठेवला.

"माझा असता तर पत्र आलं असतं," इंगेल म्हणायची. "माझा तसा नव्हताच."

"हो, तुझा देवमाणूस," क्रेएत म्हणायची. "देवमाणूस म्हणूनच देवाकडं गेला असंल. माझा निदान जेवतोय कुठंतरी."

एक विहीर, वाफेच्या अंघोळीचा एक सौना, एक गाय अर्धी-अर्धी. शनिवारी एकमेकींची पाठ चोळायच्या आणि पाठ चोळता चोळता टोमणे मारायच्या. पन्नास वर्षं.

*

नांगर टाकीत गेल्यापासून आई कोठीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहायला लागली.

"दिसलं काय?"

"अजून नाही आई. वेळ लागतो."

"मी ब्याऐंशीची आहे, मुडद्या. वेळ कुणाला सांगतोस?"

आठवडाभरात दांड्याच्या वरच्या भागातलं कवच सुटलं. आदूनं मऊ कुंचल्यानं हलकेच पुसलं, आडवा दिवा धरला आणि उजेडात तीन बोटं वर आली. खाली उभी रेघ. रेघेच्या बुडाशी अंड्याएवढा एक गोटा गंजात घट्ट चिकटलेला होता. गोट्याच्या दोन्ही बाजूंना दांडा स्वच्छ. काठी असती तर ती गोट्याच्या बाहेर थोडीतरी डोकावली असती, असं आदूला वाटलं. त्यानं बोट फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं.

गोटा निघेपर्यंत थांबायचं, हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्याचा नांगर असता तर तो थांबलाही असता. पण त्याच्या छातीत सहा वर्षांचं पोर उठून बसलं होतं. बाप त्याला टाकून गेला नव्हता. बाप इथंच होता, हाकेच्या अंतरावर, खडकाच्या टोकाशी. आदू हात पुसत स्वयंपाकघरात गेला.

दोघी जावा टेबलाशी बटाटे सोलत होत्या.

"आई," तो म्हणाला, "बाबांचा आहे. काठी नाही."

क्रेएतच्या हातातली सुरी थांबली. सालीची लांब पट्टी तशीच लोंबत राहिली.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"म्हणजे तो… त्याच रात्री?"

"गावाबाहेर पडलाच नाही, आई. टोकाच्या खडकावर होडी फुटली."

म्हातारीनं अर्धा सोललेला बटाटा पाण्यात सोडला. मग ती हसली. आदूनं आईला असं हसताना कधी बघितलं नव्हतं, पोरीसारखं, तोंडावर हात धरून. आणि त्याच हसण्यात तिचे खांदे हलायला लागले आणि ती टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. "सीम," ती म्हणत होती, "सीम, अरे माझ्या राजा, मी तुला काय काय बोलले रे."

आदूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला की इंगेलकाकू बोलत नाहीये. ती बटाटा सोलत होती. सोलून झालेलाच पुन्हा सोलत होती. तो आता सुपारीएवढा उरला होता.

"मग दुकानवाला," ती खाली बघूनच म्हणाली, "माझा."

तिनं दुसरा बटाटा उचलला.

"दोन पोरं म्हणाला होता ना तो खलाशी? का तीन?"

"धाकटे," क्रेएत डोकं उचलून म्हणाली, "धाकटे, अगं, खलाशाचं काय खरं?"

"इतकी वर्षं तुझ्याबाबतीत खरं होतं," इंगेल म्हणाली. सुरी पुसली, एप्रनच्या खिशात घातली, आणि आपल्या घरी गेली.

*

नोव्हेंबर म्हणजे आत्म्यांचे दिवस. आरडाओरडा करायचा नाही, लाकूड फोडायचं नाही, आणि एका संध्याकाळी टेबलावर घरच्या मेलेल्यांसाठी एक ताट जास्त मांडायचं. क्रेएतनं रक्ताची सॉसेजं तळली, घरची बीअर काढली, तळघरातला फोटो आणून धुऊन-पुसून खिडकीत ठेवला आणि त्याच्यापुढं मेणबत्ती लावली. तिनं दार उघडून अंधारात हाक मारली, "सीम, ये. जेवून घे." मग रिकाम्या खुर्चीला ती आदूच्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगत बसली, छप्पर उडालं त्या वर्षाची, गाय मेली त्या वर्षाची. "एकटीनं केलं हं सगळं," ती म्हणत होती, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. आदू भिंतीला टेकून ऐकत होता. जेवण झाल्यावर तिनं दिवा घेऊन कुणाला तरी फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन गाढ झोपली. तिला झोपेत घोरताना आदूनं कित्येक वर्षांनी ऐकलं.

इंगेलच्या खिडकीत मेणबत्ती नव्हती. जिवंत माणसासाठी मेणबत्ती लावत नाहीत. तिच्या घरातून मागाचा आवाज येत होता. ठक. ठक. ठक.

दुसऱ्या दिवशी आदू तिला दूध द्यायला गेला, तर ती चिंध्यांचं पायपुसणं विणत होती. मागावरच्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या मधून एक पांढरा पट्टा वर चढत होता. शुभ्र, कांजीचा, कडक. बाजूला पेटी उघडी होती.

"काकू, हे…"

"दाराशी टाकणार आहे," ती म्हणाली. "चिखलाचे पाय घेऊन येत जा खुशाल."

*

पाणी बदलायचा दिवस आला. आदूनं तार सोडली, नांगर दोन्ही हातांनी उचलून लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि कुंचला फिरवला. अंड्याएवढा गोटा काही आवाज न करता सुटला आणि त्याच्या तळहातावर येऊन बसला.

खाली आडवी रेघ होती.

आखूड. गोट्याखाली पुरती झाकली जाईल एवढी आखूड. प्रीदूचा हात आखडता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काठीसुद्धा त्यानं काटकसरीनंच मारून घेतली होती.

आदू ठोकळ्याशेजारी ओल्या जमिनीवर बसला. एवढंच सुचलं की त्याला आठ-दहा दिवस एक बाप होता आणि आता नाही. तो स्वीडनच्या कुठल्यातरी गल्लीत मासे तोलत म्हातारा झाला, कदाचित मेलाही, आणि त्याच्या दोन पोरांना त्यानं सायकल शिकवली असेल.

समोर फळीवर कानशी ओळीनं लावलेल्या होत्या. समुद्रात इतकी वर्षं राहिलेलं लोखंड बिस्किटासारखं असतं. बारीक कानशीचे चार हात मारले की काठी गेली. पुन्हा टाकीत टाकलं की कानशीची खूणही गेली. कुणाला कळलं नसतं. त्यानं कानस हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात अंगणापलीकडून आवाज आला. ठक. ठक.

त्यानं कानस ठेवली, नांगर ओल्या पोत्यात गुंडाळला आणि काकूकडे गेला.

इंगेलनं वर बघितलं नाही. "पाय पुसायला अजून झालेलं नाही."

"काकू, माझं चुकलं."

त्यानं नांगर तिच्या मागाशेजारच्या बाकावर ठेवला आणि पोतं बाजूला केलं. त्यानं तिचा हात धरला, तिचं बोट कावळ्याच्या पायावर ठेवलं आणि सावकाश खाली आणलं.

बोट काठीपाशी थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"ही मी धरून बसले होते," ती म्हणाली. "लोहार छिन्नी मारत होता तेव्हा दांडा मी धरला होता. म्हटलं, अहो, जरा लांब मारू द्या की, कावळ्याला बसायला. तर म्हणे, कावळा एकच आहे, त्याला केवढी काठी लागते?"

ती हसली नाही, रडलीही नाही. तिनं मागावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडं बघितलं. मग एप्रनच्या खिशातून सुरी काढली आणि विणीत टोक घालून एक पांढरी चिंधी हळूच उचकटली. ती गाठीत अडकली आणि फाटली. तिनं दुसरी उचकटायला घेतली.

"काकू, राहू दे. मी काढून देतो."

"तू काढलंस तेवढं पुरे झालं." मग आवाज खाली आणून, "बाही कापताना मला वाटलं, हा ओरडेल. तर कुठला ओरडतोय. पाण्याखाली पडलेला."

आदू दाराकडं वळला. तो म्हणाला, "आईला सांगायला जातो."

"बस खाली."

तो बसला.

"झोपते ती आता?"

"झोपते. घोरते."

"ऐकते मी इथवर. रेड्यासारखी घोरते मेली." इंगेलनं चिंधीचा तुकडा गुडघ्यावर ठेवून तळहातानं सपाट केला. "इतकी वर्षं मी तिला म्हणत आले, माझा तसा नव्हता. तिला झोप येत नसेल हे ठाऊक असताना म्हणत आले. बोलून बरं वाटायचं मला. आणि हे आठ दिवस मी तिच्या जागी बसले होते. तिथं नाही रे बसवत माणसाला, आदू. मी आठ दिवसांत सदरा फाडला. ती इतकी वर्षं बसली."

"पण काका… तुझ्या खिडकीत मेणबत्ती नको?"

"गेलेल्या माणसाला खिडकीतनंच दिसतं होय?" ती थांबली. "हे किती दिवस पाण्यात ठेवायचं म्हणालास?"

"वसंतापर्यंत. जास्तच."

"मग घेऊन जा आणि ठेव पाण्यात. काठी खालच्या अंगाला कर. क्रेएत वाकून बघणार नाही, कंबर कुठं आहे तिला." आणि आदू उठला तेव्हा ती विचारल्यासारखं म्हणाली, "तुला रे? तुझा तर बाप…"

"मला सवय आहे," आदू म्हणाला. तो पोतं गुंडाळायला वाकला.

बाहेर बारीक, तिरपा पाऊस सुरू झाला होता. तो अंगण ओलांडत असताना आईच्या घराची खिडकी उघडली.

"आदू! कुठं फिरवतोस त्याला थंडीत?"

"काकूला दाखवायला नेला होता."

"बरं केलंस. बिचारीला कोण आहे." खिडकीतल्या फोटोपुढची मेणबत्ती तिनं हातानं आडोसा करून धरली होती. "आणि ऐक, बापाचं पाणी बदललंस का?"

आदूनं पोतं नांगराभोवती घट्ट ओढलं.

"बदलतो, आई," तो म्हणाला. कोठीत जाऊन त्यानं नांगर ठोकळ्यावर ठेवला, काठीची बाजू खाली, आणि टाकीतलं गढूळ पाणी उपसायला बादली उचलली.